ऑटो स्टार्ट-स्टॉप कधी चालते, कधी चालतच नाही? सर्व्हिस सेंटरला जायच्या आधी हे पाहून घ्या

तक्रार जवळपास सगळ्यांची सारखीच आहे. नवी गाडी घेतली, सुरवातीला सगळं बरोबर चाललं, रेल्वे फाटकावर किंवा टोलवर गाडी न्यूट्रलला टाकून क्लच सोडला की इंजिन आपोआप बंद, क्लच दाबला की चालू, आणि मग एखाद्या उन्हाळ्यानंतर ते बंद व्हायचंच सोडून देते. मीटरवरचा गोल बाणातला ए पिवळा होऊन बसते नाहीतर त्याच्यावर आडवी रेघ येते. सर्व्हिस सेंटरवाले कॉम्प्युटर लावून सांगतात की सिस्टीम ओके आहे. नागपूरला जाऊन आलं की एकदोन दिवस परत चालते आणि गावात आलं की पुन्हा तेच. वर्धा जिल्ह्यात आर्वी, पुलगाव, देवळी या पट्ट्यात ओळखीच्या बऱ्याच लोकांच्या गाड्यांना हे होऊन राहिलं आणि प्रत्येक जण वेगवेगळ्या गोष्टीवर पैसे घालवून राहिला, कोणी सेन्सर बदलते, कोणी सेल्फ खोलते, म्हणून सगळं एका जागी लिहून देतो.

माझं मत आधीच सांगतो. बहुतेक गाड्यांत ही सिस्टीम बिघडलेली नसतेच. बॅटरी पुरती भरलेली नसते, आणि ती भरत नाही याचं कारण आपल्या इकडं गाडी ज्या पद्धतीनं चालते ते. घरून वावरात, वावरातून घरी, मधात एखादवेळ तालुक्याच्या बाजाराला, बाकीचे दिवस गाडी निंबाच्या झाडाखाली नाहीतर टिनाच्या शेडात उभी. शहरात रोज ऑफिसला तासभर जाणाऱ्या गाडीची बॅटरी जाता-येता भरते, आपली तीनचार किलोमीटरमधे काय भरणार? आणि नागपूरला जाऊन आलं की दोन दिवस चालते याचाही अर्थ तोच आहे, लांब चालली, बॅटरी भरली, सिस्टीम चालू झाली.

आता ती विचार कसा करते तेवढं समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जाते. इंजिन बंद झालं की लाइट, गाणे, ब्लोअर, वायपर सगळं एकट्या बॅटरीवर येते आणि परत सेल्फ मारायचं कामही त्याच बॅटरीचं. म्हणून गाडीचा कॉम्प्युटर इंजिन बंद करायच्या आधी पाहते की आता बंद केलं तर परत नक्की चालू होईल का, आतल्या माणसाला त्रास होईल का, गाडी सुरक्षित उभी आहे का. यातल्या एकाही गोष्टीची शंका आली तर तो इंजिन बंद करत नाही, चालूच ठेवते. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिडमधे, ह्युंदाईच्या आयएसजीमधे, स्कॉर्पिओ-बोलेरोत मायक्रो हायब्रिड नावानं जे आलं त्याच्यात, सगळीकडं मूळ तत्त्व हेच आहे, बारीकसारीक अटी तेवढ्या वेगळ्या.

त्या अटी कोणत्या? इंजिन पुरतं गरम झालेलं पाहिजे, म्हणून थंडीत सकाळी घरून निघाल्या निघाल्या ते बंद होणार नाही. ड्रायव्हरचा बेल्ट लावलेला पाहिजे, दरवाजा आणि बॉनेट बंद पाहिजे. मागच्या वेळी थांबल्यानंतर गाडी थोडी तरी वेगात गेलेली पाहिजे, म्हणजे गुरांच्या कळपामागं इंच इंच सरकत असाल तर दर वेळी बंद होणार नाही. चढावर होणार नाही, त्यामुळं चिखलदऱ्याच्या घाटात बंद झालं नाही म्हणून काळजी करायची गरज नाही. स्टेअरिंग खूप वळलेलं असलं तर काही गाड्यांत होत नाही. ब्रेकच्या बूस्टरमधे व्हॅक्यूम कमी असला तर होत नाही, आणि झालेलं असलं तरी तुम्ही उभ्या गाडीत दोनतीनदा ब्रेक पंप केला की परत चालू होते.

आणि एसी. हे आपल्या इकडं सगळ्यात जास्त लागू आहे. मे महिन्यात दुपारी बाहेर ४५ डिग्री, आत एसी फुलवर, आणि इंजिन बंद होत नाही म्हणून लोक गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला जातात. साध्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या बेल्टवर चालते, इंजिन बंद तर थंड हवाही बंद, म्हणून आतलं तापमान तुम्ही ठेवलेल्या आकड्यापर्यंत येईपर्यंत सिस्टीम हातच लावत नाही. अकोला, चंद्रपूर, वर्धा, कुठंही राहा, एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत दुपारी हे बंद राहणार, तो दोष नाही.

त्यामुळं पहिली परीक्षा अशी घ्या. सकाळी थंड वेळेला गाडी काढा, पंधरावीस मिनिटं डांबरी रस्त्यावर चांगली चालवा, एसी बंद, समोरच्या काचेवरची वाफ काढणारं डीफॉगर बंद, बेल्ट लावलेला, मग सपाट जागा पाहून बाजूला घ्या, न्यूट्रल करा आणि क्लचवरून पाय पूर्ण काढा. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक नीट दाबून धरा. इंजिन बंद झालं तर तुमच्या गाडीला काही झालेलं नाही, नेहमी कोणती तरी अट पूर्ण होत नसेल एवढंच. नाही झालं तर पुढं वाचा.

बॅटरीकडं जायच्या आधी तीन फुकटच्या गोष्टी पाहून घ्या. एक म्हणजे क्लचखालची मॅट. कंपनीच्या मॅटवर आपण चिखलासाठी जाड रबराची दुसरी टाकतो, ती सरकून क्लचच्या पेडलमागं अडकते आणि पेडल वर यायला अर्धा बोट कमी पडते. तुम्हाला पायाला ते जाणवतही नाही पण क्लचच्या स्विचला वाटते की क्लच अजून दाबलेलाच आहे. मॅट काढून टाका आणि मग पाहा. दुसरी गोष्ट बॉनेटचा स्विच. ज्या गाड्यांना तो आहे त्यात बॉनेटच्या लॅचपाशी एक बारीक स्विच असते, पांदण रस्त्याची धूळ आणि जुनं ग्रीस मिळून त्याच्यावर काळा थर बसते, स्विच आत अडकून जाते आणि गाडीला वाटते बॉनेट उघडंच आहे. ब्रश आणि थोडा क्लीनर स्प्रे मारून तो बोटानं आतबाहेर नीट खेळते की नाही पाहा. तिसरी, मागचे ब्रेक लाइट. कोणाला तरी मागं उभं करून ब्रेक दाबा. लाइट लागत नसले किंवा सोडल्यावरही लागून राहिले तर ब्रेकचा स्विच गेलेला असू शकते, आणि ऑटोमॅटिक गाडीत त्याच स्विचवर स्टार्ट-स्टॉप चालते.

एवढं सगळं बरोबर असलं तर मग बॅटरीच. इथं लोक ठाम असतात, "बॅटरी ठणठणीत आहे, सेल्फ तर एका झटक्यात लागते". सेल्फ लागणं वेगळं आणि स्टार्ट-स्टॉपला बॅटरी पटणं वेगळं. निम्मी उतरलेली बॅटरीसुद्धा सकाळी सेल्फ मारून देते. पण पाऊण भागाच्या खाली गेली की बहुतेक गाड्या इंजिन बंद करणं थांबवतात, कंपनीप्रमाणं मर्यादा थोडी इकडंतिकडं. म्हणजे ही सिस्टीम बॅटरीचा पहिला इशारा देते, सेल्फ जड व्हायच्या बराच आधी, आणि गावात राहणाऱ्या माणसाला पेट्रोलच्या बचतीपेक्षा हा इशारा जास्त कामाचा आहे. रात्री पेशंट घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्यात निघायचं आणि गाडी कट कट करून बसली तर काय होते हे ज्यानं पाहिलं त्याला समजावून सांगायची गरज नाही. म्हणून तो पिवळा ए दिसला की स्टार्ट-स्टॉप ऑफ करायचं बटण दाबून विसरून जाऊ नका.

मोजायचं कसं? साधा डिजिटल मल्टीमीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळून जाते, प्रत्येक गाडीवाल्याकडं असला पाहिजे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी, सेल्फ न मारता, बॉनेट उघडा, दरवाजे लॉक करा, चावी दूर ठेवा आणि अर्धा तास थांबा म्हणजे गाडीतले सगळे कॉम्प्युटर झोपतात. मग लाल तार पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२.० म्हणजे चतुर्थांशच उरली आणि अशी ठेवली तर आत प्लेटांवर सल्फेट बसून ती लवकर मरते. मग कोणाला तरी सेल्फ मारायला लावा आणि आकडा किती खाली जाते ते पाहा, १० च्या खाली जात असला तर बॅटरी थकली किंवा टर्मिनल ढिले आहेत. इंजिन चालू असताना १३.५ ते १४.७ च्या मधात दिसला पाहिजे. पण एक लक्षात ठेवा, नव्या गाड्यांत अल्टरनेटर हुशार असते, बॅटरी भरलेली दिसली की तो चार्जिंग मुद्दाम कमी करते आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की वाढवते, त्यामुळं एखादवेळ १२.९ दिसलं म्हणून लगेच अल्टरनेटर गेला असं समजून तो खोलायला देऊ नका, हेडलाइट आणि ब्लोअर लावून परत पाहा.

आपल्या इकडच्या उन्हात बॅटरी लवकर जाते हे खरंच आहे. तापमान १० डिग्री वाढलं की लेड अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होते, आत रासायनिक क्रिया जोरात होते, पाणी उडते, प्लेटांची जाळी गंजते. आणि टिनाच्या शेडात दुपारी किती गरम होते ते सांगायला नको. उन्हाळ्यात झालेलं नुकसान दिसते मात्र पावसाळ्यात किंवा थंडीच्या पहिल्या सकाळी. म्हणून जूनमधे एकदा बॅटरी तपासून घ्यायची सवय चांगली.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमते ती कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशनं धुवून काढा, कोरडं करा, घट्ट बसवा, वरून व्हॅसलिन लावा. खोलताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी.

आता ज्या गोष्टीनं सगळ्यात जास्त लोक फसतात ती. स्टार्ट-स्टॉपच्या बऱ्याच गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलच्या क्लॅम्पलाच एक काळा चौकोनी डबा असते, काडेपेटीपेक्षा थोडा लहान, त्याला एक बारीक वायरचा कनेक्टर. तो बॅटरी सेन्सर. बॅटरीतून किती करंट गेला, किती आला, तापमान किती, हे सगळं तो मोजून इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगते. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं समजा, वहीत न लिहिता मागच्या दारानं माल गेला की हिशोब जुळणार नाही. आपल्याकडं फॉगलाइट, मोठा हॉर्न, अ‍ॅम्प्लिफायर, कॅमेरा, जीपीएस ट्रॅकर लावणारे निगेटिव्ह वायर सरळ बॅटरीच्या खांबावर जोडून देतात. तो करंट सेन्सरमधून जातच नाही. सेन्सर म्हणते बॅटरी भरलेली, प्रत्यक्षात उतरलेली, आणि दोन्हीचा मेळ बसला नाही की कॉम्प्युटर स्टार्ट-स्टॉप बंद करून मोकळा.

शेजारच्या काकांच्या गाडीला हेच झालं होतं. तालुक्याच्या ओळखीच्या मिस्त्रीकडं घेऊन गेलो, त्यानं बॉनेट उघडलं, निगेटिव्हच्या नटाखाली दाबलेल्या दोन जास्तीच्या काळ्या वायरी बोटानं उचलून दाखवल्या.

"काका, हे कोनं जोडलं?"

"एक फॉगलाइटवाल्यानं, अन् दुसरी कॅमेऱ्याची हाये. काऊन, काय झालं?"

"मंग सेन्सरले कसं समजीन काका? हे तं त्याच्या मागून करंट खाऊन राहिले."

त्यानं नट ढिला करून दोन्ही वायरी काढल्या, बॉडीला जिथं कंपनीचं अर्थिंग येते तिथला बोल्ट पॉलिश पेपरनं घासून चमकवला आणि तिथं कसल्या. फॉगलाइटच्या पॉझिटिव्हवर फ्यूज नव्हता, तोही टाकला. बॅटरी चार्जिंगला लावून भरली. नंतर काकांची गाडी वर्ध्याच्या रस्त्यावर पहिल्यासारखी बंद-चालू व्हायला लागली, नवा सेन्सर घ्यायला सांगितलं होतं तो घ्यावाच लागला नाही.

अर्थिंग जागेवर घेतलं तरी गाडी उभी असताना करंट खाणारं यंत्र बॅटरी उतरवतेच, सेन्सरला ते समजते एवढाच फरक. नुसत्या उभ्या गाडीत ५० मिलीअँपिअरपर्यंत करंट जाणं चालते, अलार्म, घड्याळ, सेंट्रल लॉकला तेवढा लागते. पण समजा कॅमेरा आणि ट्रॅकर मिळून २५० मिलीअँपिअर ओढून राहिले. २४ तासात ६ अँपिअर-अवर झाले. गाडी ४ दिवस उभी राहिली की २४, आणि लहान गाडीची बॅटरीच मुळात ४५ च्या आसपास असते. म्हणजे निम्मी बॅटरी गाडी न चालवताच गेली. सोयाबीन काढणीच्या हंगामात आठवडाभर गाडी हलली नाही की मग काय होते पाहा. मिस्त्रीकडं डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर असला तर गाडी लॉक करून अर्धा तास थांबून मोजून घ्या, जास्त आलं तर एकेक फ्यूज काढून कोणत्या लाइनवर जाते ते सापडते. कॅमेऱ्याला रात्रीचा पार्किंग मोड असला तर तो घरी बंदच ठेवा, वाड्यात कोण येणार आहे?

बॅटरी नुसती उतरलेली असली, मेलेली नसली, तर बदलायची घाई करू नका. ४५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ४-५ अँपिअरचा ऑटोमॅटिक चार्जर रात्रभर लावा, लाल चिमटा पॉझिटिव्हला आणि काळा चिमटा बॅटरीच्या खांबाला न लावता बॉडीच्या अर्थिंगला, म्हणजे भरलेला करंटही सेन्सरमधून जाईल आणि त्याचा हिशोब बरोबर राहील. गाडी फार चालत नसेल तर महिन्यातून एकदोनदा एवढं केलं तरी पुरते. नाहीतर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग रस्त्यावर काढा. नुसतं अंगणात उभं करून इंजिन चालू ठेवून काही उपयोग नाही, आयडलवर अल्टरनेटर कमी करंट देते आणि पेट्रोल जळते ते वेगळं.

बदलायचीच वेळ आली तर इथं पक्के राहा. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत कंपनी ईएफबी किंवा एजीएम जातीची बॅटरी देते, साधी नाही, कारण साधी बॅटरी दिवसातून इतक्या वेळा उतरायला आणि भरायला बनवलेली नसते. दुकानदार म्हणते की साधी टाका, स्वस्त आहे, साइज तोच, टर्मिनल तेच, गाडी चालू होणारच. चालू तर होते. पण काही महिन्यांत ती थकते आणि स्टार्ट-स्टॉप परत बंद. जुन्या बॅटरीवरचं लेबल पाहा. ईएफबी असली तर ईएफबी किंवा एजीएम चालेल, एजीएम असली तर एजीएमच टाका, खाली येऊ नका. लेबलवर सीसीए म्हणून आकडा असते, म्हणजे थंडीत सेल्फ मारायची ताकद, तो जुन्याएवढा किंवा जास्त पाहिजे. बनवल्याची तारीख पाहून घ्या, तालुक्याच्या दुकानात या जातीच्या बॅटऱ्या कमी खपतात, वर्षभर धूळ खात पडलेली गळ्यात मारून घेऊ नका. नवी बसवल्यावर काही गाड्यांत स्कॅनरनं रजिस्टर करावी लागते, आणि बऱ्याच गाड्यांत वायर काढून लावली की सेन्सर सगळं विसरते, मग गाडी लॉक करून ४-५ तास तशीच उभी ठेवायची, नंतर दोनतीनदा चालू-बंद करून चालवायची, तेव्हा ती परत शिकते. नवी बॅटरी टाकली आणि लगेच चालली नाही म्हणून दुकानदाराशी भांडायच्या आधी एक रात्र जाऊ द्या.

डिझेलवाल्यांसाठी वेगळं कारण आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांत धुराची काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर आला. तो भरला की गाडी स्वतः जास्त डिझेल देऊन ती काजळी जाळते, त्या वेळी आयडलचे आरपीएम थोडे वाढलेले दिसतात, पंखा जोरात फिरते, गरम वास येते, आणि तेवढा वेळ स्टार्ट-स्टॉप बंद राहते. गावात गाडी वावरापर्यंत गेली आणि बंद केली की जाळायचं काम अर्धवट राहते, पुढच्या वेळी परत सुरू, परत अर्धवट, त्यामुळं स्टार्ट-स्टॉप आठवडे आठवडे चालतच नाही. इलाज एकच, मोठ्या रस्त्यावर वीसपंचवीस मिनिटं एका दमात, ६० च्या वर, आरपीएम २००० च्या आसपास ठेवून चालवा, आणि काम चालू आहे असं वाटलं तर घर आलं म्हणून चावी फिरवू नका, एक चक्कर मारून या. समृद्धी महामार्ग जवळ असेल तर एका इंटरचेंजवरून दुसऱ्यापर्यंत जाऊन आलं की काम होते.

आता धोक्याच्या जागा, या वाचल्याशिवाय जाऊ नका.

वावराच्या फाटकापाशी गाडी थांबते, इंजिन आपोआप बंद होते, माणूस बेल्ट काढून फाटक उघडायला उतरते आणि त्याला वाटते गाडी बंद आहे. गाडी बंद नाही, इग्निशन चालू आहे. हँडब्रेक लावला नसेल तर उतारावर सरकेल. तिथंच कोणी भेटलं, गोष्टी लागल्या, अर्धा तास गेला की बॅटरी उतरून बसते. काही गाड्या अशा वेळी बजर देतात पण मोटारपंपाच्या आवाजात तो ऐकू येत नाही. आणि एकदा दरवाजा उघडला की बऱ्याच गाड्यांत क्लच दाबून इंजिन लागत नाही, चावीनं किंवा बटणानंच सेल्फ मारावा लागते, त्या वेळी बिघाड झाला असं समजू नका. उतरायचं असलं तर आधी चावी बंद, मग उतरा.

बॉनेट कधीही इग्निशन चालू ठेवून उघडू नका. बॉनेटचा स्विच खराब असला तर इंजिन मधातच चालू होऊ शकते आणि हात बेल्टजवळ असला तर बोटं जातात. इग्निशन चालू ठेवून लहान मुलांना गाडीत बसवून उतरू नका, तेही इंजिन मधातच चालू होऊ शकते यासाठीच.

पावसाळ्यात रपट्यावर वाहतं पाणी असलं तर गाडी घालूच नका, हे स्टार्ट-स्टॉप नसलेल्या गाडीलाही लागू. पण रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून जायचंच असलं तर आधी ऑफचं बटण दाबा. पाण्यात गाडी थांबली आणि इंजिन बंद झालं तर सायलेन्सरमधून पाणी मागं शिरू शकते. रेल्वे फाटकावर थांबलात तर इंजिन बंद राहू द्या, त्यासाठीच ते आहे, पण ज्यांची सिस्टीम सध्या कधी चालते कधी नाही त्यांनी बॅटरीचा निकाल लागेपर्यंत फाटक, चौक, घाट असल्या जागी बटण दाबूनच ठेवावं. दर वेळी चावी फिरवली की सिस्टीम परत आपोआप ऑन होते, म्हणून बटणही दर वेळी दाबावं लागते.

बॅटरी पूर्ण बसली तर गावात मदतीला ट्रॅक्टर असतेच आणि ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टचीच असते, ती चालते. ट्रॅक्टर बंद ठेवा, लाल केबल पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, काळी केबल ट्रॅक्टरच्या निगेटिव्हपासून तुमच्या गाडीच्या इंजिनाच्या कोऱ्या लोखंडाला, मग गाडीचा सेल्फ मारा. मोठ्या ट्रकवरून मात्र कधीही घेऊ नका. ट्रक, टिप्पर बहुतेक २४ व्होल्टचे असतात, एका झटक्यात गाडीचे कॉम्प्युटर जळतील. मारुतीच्या बऱ्याच स्मार्ट हायब्रिड गाड्यांत सीटखाली वेगळी लिथियम बॅटरी असते, तिला गावातल्या कोणालाही हात लावू देऊ नका, तपासायची ती बॉनेटखालची.

बरेच जण विचारतात की सरळ वायर कापून किंवा बाजारात मिळणारं मॉड्यूल लावून ते कायमचं बंद करून टाकू का. वायर कापू नका, बॉनेटच्या स्विचची वायर कापली की अलार्मही बोंबलते आणि वॉरंटीचा वाद वेगळा. सेल्फ लवकर खराब होईल या भीतीनं बंद करत असाल तर या गाड्यांचा सेल्फ, इंजिनाचे बेअरिंग जास्त वेळा चालू व्हायला बनवूनच दिलेले असतात. बचतीचं म्हणाल तर आयडलवर लहान पेट्रोल गाडी तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पिते, एसीवर वरच्या बाजूला. नागपुरात सीताबर्डीत सिग्नलवर रोज वीस मिनिटं उभं राहणाऱ्याला त्याचा महिन्याला फरक दिसेल. आपल्याला गावात सिग्नलच नाही, फाटकावर एखादवेळ थांबणं होते, एव्हरेजमधे ते जाणवणार नाही. म्हणून गावात बटणानं बंद ठेवलं तरी माझी काही हरकत नाही. फक्त आठवड्यातून एकदा चालू ठेवून पाहा की ते चालते की नाही, कारण बॅटरीची खबर तिथूनच मिळते.

शेवटी सर्व्हिस सेंटरला जावंच लागलं तर तिथं काय मागायचं ते सांगतो. सिस्टीम ओके आहे म्हणजे फॉल्ट कोड नाही एवढंच. अट पूर्ण न झाल्यामुळं इंजिन बंद होत नसलं तर कोड पडतच नाही. त्यांना सांगा की स्कॅनर लावून लाइव्ह डेटा उघडा, बऱ्याच गाड्यांत त्याच्यात ऑटो स्टॉप कोणत्या कारणानं अडलं ते लिहून येते, बॅटरीची पातळी, बॉनेट, क्लच स्विच, एसी, डीपीएफ, जे असेल ते. बॅटरीची पातळी टक्क्यात दिसते, तो आकडा लिहून घ्या आणि घरी मल्टीमीटरवर आलेल्या व्होल्टशी जोडून पाहा. दोन्ही कमी असले तर बॅटरी भरायची, स्कॅनरवर जास्त आणि मीटरवर कमी असलं तर निगेटिव्हच्या नटाखाली काय काय दाबलं आहे ते पाहायचं. दोन्ही बरोबर असून बंद होत नसेल तेव्हाच स्विच आणि सेन्सर बदलायच्या गोष्टी करा, आणि बदललेला जुना पार्ट परत मागून घ्या.